फेरीभोवतीचे अदृश्य कुंपण

प्रश्न : अमेरिकेतील प्युजेट साउंड या खाडीत लहान शिडाची नौका चालवताना प्रवासी फेरीबोटीपासून (फेरीपासून) किती अंतर राखावे लागते आणि एवढ्या कडक नियमाचे कारण काय?

उत्तर : तेथे शंभर फुटांहून लांब प्रवासी जहाजाभोवती ५०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ४५७ मीटरचे, नियंत्रित क्षेत्र असते. त्यात शिरल्यावर नौका ताब्यात राहील इतकाच कमीत कमी वेग ठेवावा लागतो, तर १०० यार्डांच्या आत परवानगीवाचून जाता येत नाही. ती रेडिओवरून मागावी. हे क्षेत्र नकाशावर आखलेले नसून जहाजाबरोबर सरकत जाते, त्यामुळे आपण जागच्या जागी स्थिर असलो तरी फेरी वळताच त्यात सापडू शकतो. नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते.

१२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधील एडन बंदरात स्फोटकांनी भरलेली छोटी होडी ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेला भिडली आणि १७ नौसैनिक मारले गेले. लहान होडीकडे संशयाने पाहिले जाते ते अशा अनुभवांमुळे. वीस नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या, वेगाने येणारी होडी १०० यार्ड जेमतेम नऊ सेकंदांत कापते. म्हणूनच बाहेरच्या पट्ट्यातील वेगमर्यादा मला आतल्या मनाईइतकीच महत्त्वाची वाटते. प्रवाशाच्या सामानातून आत आलेल्या स्फोटकांपुढे मात्र हे कुंपण निरुपयोगी आहे.

फेरीच्या भोंग्याचे पाच आखूड, भराभर आवाज ऐकू आले, तर तुमचा हेतू तिला उमगलेला नाही असे समजावे आणि दिशा ठळकपणे बदलावी.