दातांवर मोजणारी चिऊ

“मॅडम, दुसरीत गेली तरी बोटांवर मोजते. बोटं सोडवायची कशी, तेवढं सांगा.”

अशी तक्रार घेऊन महिन्यातून दोन-तीन आया तरी माझ्याकडे येतात. ही आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. घरी तिला चिऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू. आईने माझ्यासमोरच विचारलं, “सांग बरं, सात अधिक पाच किती?” चिऊने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तोंड मिटून घेतलं. गालाच्या आत काहीतरी हळूहळू सरकत होतं. मला कळायला थोडा वेळ लागला. बोटं वापरली की ओरडा बसतो, म्हणून पोर जिभेने दात मोजत होती.

उत्तर तेरा आलं. आईने कपाळाला हात लावला.

मी आईला म्हटलं, आधी तिची बोटं तिला परत करा. या वयात बोटांवर मोजण्यात काही वावगं नाही. अडचण बोटांची नव्हती. चिऊ दर वेळी एकपासून सुरुवात करत होती, कारण सात म्हणजे काय हे तिला नजरेने दिसतच नव्हतं. वर तिच्यासाठी प्रत्येक बेरीज म्हणजे परीक्षा, आणि परीक्षक जेवायच्या ताटावरसुद्धा समोर बसलेला.

मी खणातून पत्त्यांचा कॅट काढला. गुलाम, राण्या, राजे बाजूला ठेवले. एक्क्यापासून दश्शीपर्यंत चाळीस पत्ते उरले. पत्त्याची गंमत अशी की कोपऱ्यात आकडा असतो आणि मध्ये तितकीच चिन्हं, दर वेळी त्याच मांडणीत. पंजी म्हणजे चार कोपरे आणि मध्ये एक. आठवडाभर हाताळली की मूल ती मोजत नाही, बघताक्षणी ओळखतं.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच दिवशी मी भिकार-सावकारचा एक प्रकार मांडला. दोघांनी दोन-दोन पत्ते उघडायचे, बेरीज करायची, जिची मोठी तिने सगळे उचलायचे. मजा यावी म्हणून “जी आधी बोलेल ती” अशी पुस्ती जोडली. तिसऱ्या डावाला चिऊचे डोळे भरले. परीक्षा नको म्हणून मीच सांगत होते आणि घड्याळ मीच लावलं होतं! ती पुस्ती तिथेच सोडली. लहान मुलांशी पत्ते खेळताना वेगाची शर्यत लावू नये, हे मी चिऊकडून शिकले.

पुढच्या खेपेला दहाच्या जोड्या लावल्या. बारा पत्ते सुलटे मांडायचे. ज्या दोघांचे मिळून दहा होतात ती जोडी उचलायची, दश्शी एकटीच उचलायची आणि रिकाम्या जागी कॅटमधून नवे पत्ते ठेवायचे. सत्ती-तिर्री, छक्की-चव्वी, अठ्ठी-दुर्री, नव्वी-एक्का आणि पंजीला पंजी. सगळं बरोबर जमलं तर अठरा जोड्या आणि चार दश्शा होतात, खाली एकही पत्ता उरत नाही.

त्या दिवशी शेवटी एक तिर्री आणि एक छक्की उरली. आई बोलायला पुढे झाली, मी तिच्या हातावर हात ठेवला. चिऊ बराच वेळ दोन्ही पत्त्यांकडे बघत बसली. मग आपल्या जोड्या एकेक करून उलगडल्या आणि एक जोडी वर धरली. सत्ती आणि चव्वी. “हे अकरा झालेत,” ती म्हणाली. चूक कुणी दाखवली नव्हती आणि कुणी ओरडलंही नव्हतं. मी पत्ते वापरते ते यासाठी.

घरी खेळायचं ठरलं तेव्हा मात्र आजोबा आडवे आले. पत्त्यांपायी गावातल्या एकाची जमीन गेलेली त्यांनी पाहिली होती. “पारावर पत्ते कुटणारे काय कमी आहेत, की आता लेकरालाही शिकवायचं?” त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. मी निरोप पाठवला की आमच्या खेळात पैसा नाही, चॉकलेटसुद्धा नाही. काही लावायचं नाही, फक्त जुळवायचं. वाटल्यास शेजारी बसून बघा. ते बसले. चौथ्या दिवशी “असं पिसतात होय?” म्हणत त्यांनी कॅट हातात घेतला.

दोन महिन्यांत चिऊ सात अधिक पाच असं करायला लागली: पंजीतले तीन सत्तीला दिले, दहा झाले, दोन उरले, बारा. आठ अधिक सहाला अजून बोटं लागतात, पण ती आता टेबलावर असतात. दोन पत्ते ओढून मोठ्यात मोठी संख्या करायची, हा खेळही सुरू केलाय. तिर्री-छक्की आली तर त्रेसष्ट. इथे आपली मराठी पोरांना जरा छळते, तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागून. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी त्या वादात पडत नाही, पण चिऊला दोन्ही पद्धतींनी म्हणायला लावते.

सगळ्यांचं पत्त्यांनी भागत नाही, हेही सांगून ठेवते. दुसरीच्या शेवटीही नऊ मोठे की सहा हे मुलाला कळत नसेल, शांतपणे केलेल्या सरावानेही काही हलत नसेल, तर गणनअक्षमतेची, म्हणजे आकड्यांची समज येण्यातच अडचण आहे का याची, तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे शिकण्यातल्या अशा अडचणी, धरलेली आहे, त्यामुळे निदान झालं तर शाळेकडे सवलती मागता येतात. लाजायचं काही कारण नाही.

परवा चिऊच्या आईचा फोन आला. आजोबा-नातीचा डाव संपला तेव्हा खाली एक एक्का उरला. आजोबा म्हणाले, चुकलीस कुठेतरी, जोड्या उघड. चिऊने सगळ्या जोड्या उघडून दाखवल्या, एकही चुकलेली नव्हती. मग ती आजोबांना म्हणाली, “उठा तुम्ही. नव्वी हरवलीय.”

बदामची नव्वी आजोबांच्या आसनाखाली सापडली.