इप्पोन, निहोन, सानबोन

प्रश्न : ताई, मी कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असतो आणि डिसेंबरच्या जेएलपीटी एन-५ परीक्षेसाठी (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) जपानी शिकतोय. मोजायच्या शब्दांपाशी घोडं अडलंय. एक बाटली ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘सानबोन’. शब्द एकच, मग तो दर वेळी बदलतो का? वर्गातला मित्र म्हणतो, हे सोड, ‘हितोत्सु, फुतात्सु’ (एक, दोन) म्हटलं की सगळीकडे भागतं. खरं का?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : मित्राचं ऐकू नका. ‘हितोत्सु, फुतात्सु’ नऊपर्यंत चालतं, दहाला ‘तोओ’ होतं आणि तिथे ती मोजणी संपते. शिवाय माणसांना आणि जनावरांना ती लावतच नाहीत. तुमचं तर कामच माणसांशी. आपण ‘दोघं, तिघं, चौघं’ म्हणतो, तशी जपानीतही माणसांसाठी वेगळी रूपं आहेत, पण दोनच : हितोरी, फुतारी. पुढे सान्निन, योनिन. आणि दारात आलेल्या पाहुण्यांना ‘निन’सुद्धा नाही, तिथे आदराचा ‘मेइ’ : ‘नान-मेइ-सामा देस का?’ आपण किती जण, असं विचारायला हे वाक्य आजच पाठ करा.

आता बदलणारा ‘होन’, म्हणजे बाटलीसारख्या लांबट वस्तू मोजायचा शब्द. तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण वर्गात याचा तक्ता देतात आणि कारण सांगतच नाहीत. आजच्या जपानीतला ‘ह’ फार जुन्या काळी ‘प’ होता. मग तो दोन्ही ओठांतून फुंकल्यासारखा ‘फ’ झाला आणि शेवटी ‘ह’. नागासाकीला १६०३ साली जेझुइटांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात माणूस म्हणजे ‘हितो’ हा शब्द ‘फितो’ असा नोंदलेला आहे. गोवेकर म्हणून मला त्या कोशाची विशेष ओढ आहे. युरोपला गेलेल्या चार जपानी मुलांबरोबर परतीच्या वाटेवर जो छापखाना १५८७ साली गोव्यात उतरला आणि १५९० मध्ये जपानला पोचला, त्याच छापखान्याचं हे काम.

‘इची, नी, सान’ हे आकडे चिनीतून आलेले. तिथे एक, सहा, आठ आणि दहा यांच्या शेवटी त्, क्, प् असे तुटक व्यंजन होते. ते पुढच्या ‘प’ला चिकटले, ‘प’ दुहेरी झाला आणि तसाच टिकला : इप्पोन, रोप्पोन, हाप्पोन, जुप्पोन. शाळेत उत् + चार = उच्चार शिकलात ना, तीच तऱ्हा. ‘नी’ आणि ‘गो’ स्वरान्त, तिथे ‘प’ला आधार नव्हता, तो झिजून ‘ह’ झाला : निहोन, गोहोन. ‘सान’च्या अनुनासिकामुळे सानबोन. मग ‘योन’लाही न आहे, तरी योनहोन का? कारण ‘योन’ आणि ‘नाना’ हे मूळचे जपानी आकडे, या चिनी जोडणीत ते मागाहून शिरले.

पाठ करताना आकड्यांचा तक्ता घेऊन बसू नका, वस्तू घेऊन बसा. म्हापशाच्या मासळी बाजारात उभं राहून मोजा. जिवंत मासा ‘हिकी’ : इप्पिकी, निहिकी, सानबिकी. ट्यूनासारखा मोठा, लांब मासा ‘होन’. उभा चिरून, पसरून सुकवलेला मासा चपटा, म्हणून ‘माइ’, कागद आणि ताटल्यांसारखा. माणकी (स्क्विड) आणि कुर्ल्या खाण्यासाठी मांडल्या की ‘हाइ’, तोच शब्द जो भरलेल्या पेल्याला लागतो. म्हणजे बियर बाटलीत असेल तर इप्पोन आणि ग्लासात ओतली की इप्पाइ. वस्तू तीच, बोलणारा तिच्याकडे काय म्हणून बघतो ते बदललं. मला या भाषेत सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, आणि म्हणून हा भाग गाळून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

पक्षी ‘वा’ने मोजतात आणि ससेही ‘वा’नेच. त्यामागची कारणं अनेक जण अनेक सांगतात, तुम्ही फक्त लक्षात ठेवा. पुस्तकं ‘सात्सु’, गाड्या आणि यंत्रं ‘दाइ’, मोठी जनावरं ‘तोओ’. एवढ्यावर एन-५ला पुष्कळ झालं.

तुमच्या काउंटरसाठी मात्र एक शब्द वेगळा काढून घोका : रात्रीचा मुक्काम, ‘हाकु’. इप्पाकु, निहाकु, पण तीन रात्री सानपाकु, सानबाकु नव्हे. मिनिटांचा ‘फुन’ही असाच, सानपुन. ‘सान’नंतर ‘ब’ येतो असं एकदा मनात बसलं की नेमकी इथे जीभ घसरते. म्हणून बुकिंग वाचताना दर वेळी मोठ्याने म्हणा : फुतारी, सानपाकु. दोघं, तीन रात्री.