एकच पातेलं का तापत नाही?

प्रश्न: इंडक्शन शेगडीवर स्टीलचं एक पातेलं छान तापतं, दुसरं ठेवलं की शेगडी बीप करून बंद पडते. बिघाड शेगडीत आहे का?

उत्तर: नाही, पातेल्यात आहे. काचेखालच्या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला 20 हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होतो. त्यामुळे बुडात भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात आणि बूड स्वतःच तापतं. हे लोहचुंबकाला चिकटणाऱ्या बुडातच नीट घडतं, म्हणून लोहचुंबक बुडाच्या मध्यभागी लावून बघा, कडेला नव्हे. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. 18/10 स्टील (18% क्रोमियम, 10% निकेल असलेलं), तांबं, ॲल्युमिनियम यांचं नुसतं बूड चालत नाही. बूड फार लहान किंवा फुगलेलं असलं तरी शेगडी भांडं ओळखत नाही. शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये लोखंडी तबकडी ठेवण्याचा उपाय मात्र टाळाच: ती बेसुमार तापते, काच तडकू शकते.