वाचकांचे प्रश्न : एकाच फिर्यादीत दोन कायदे कसे?

प्रश्न : भूखंडाच्या व्यवहारात मार्च 2024 मध्ये माझी फसवणूक झाली, फिर्याद मात्र मी सप्टेंबर 2024 मध्ये दिली. तिच्या प्रतीवर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 चा दाखवला आहे आणि नोंद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली केली आहे. ही चूक तर नव्हे? दुसरे असे, की अमेरिकेतील माझ्या मेहुण्यांना नुकतेच ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसण्याचे पत्र आले. आपल्याकडे ज्यूरी का नाही?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चूक नाही, उलट फिर्याद लिहिणाऱ्याने तारखा नीट पाहिल्या आहेत. कोणते कृत्य गुन्हा ठरते आणि त्याला शिक्षा किती, हे ते कृत्य घडले त्या दिवशीच्या कायद्यावर ठरते, कारण नंतर केलेल्या कायद्याने मागच्या कृत्याला शिक्षा देण्यास किंवा शिक्षा वाढवण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 ने मनाई केली आहे. म्हणून दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 तुमच्या प्रकरणाला लागत नाही. फिर्याद नोंदवणे, तपास, झडती या झाल्या कार्यपद्धतीच्या गोष्टी, आणि कार्यपद्धती जुनीच राहावी असा हक्क सहसा कोणाला सांगता येत नाही. नवे कायदे 1 जुलै 2024 ला लागू झाले, म्हणून त्यानंतर सुरू झालेला तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेने चालतो. याचा तुम्हाला फायदाच आहे. आरोपीच्या घराची झडती झाली तर तिचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसे कळवले नसेल, तर कलम 193 चा हवाला देऊन लेखी विचारणा करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या.

1 जुलै 2024 ला जे तपास, खटले आणि अपिले प्रलंबित होती, ती मात्र 1973 च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे चालतात. त्यामुळे एकाच न्यायालयात, एकाच सकाळी, पहिले प्रकरण जुन्या पद्धतीने आणि दुसरे नव्या पद्धतीने पुकारले जाते, आणि वकिलांना दोन्ही पुस्तके बाळगावी लागतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, त्याने यात काही फरक पडलेला नाही. अपिलासाठी कागदांची पिशवी घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठणे तेवढे वाचले.

आता ज्यूरी. ती आपल्याकडे नव्हती असे नाही. नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या 1959 च्या खटल्यात मुंबईच्या नऊ ज्यूरींनी आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, परंतु सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि तेव्हाच्या संहितेतील तरतुदीनुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तिथे शिक्षा झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. याच खटल्याने ज्यूरी बुडवली, असे आपल्याकडे हमखास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण ज्यूरी रद्द करावी ही शिफारस विधी आयोगाने 1958 मध्येच, म्हणजे तो गोळीबार होण्याच्या आधी, करून ठेवली होती. 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या, वर आलेल्या 1973 च्या संहितेत तिला जागाच उरली नाही.

जपानने नेमकी उलटी वाट धरली. तिथे 2009 पासून गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत सामान्यतः तीन न्यायाधीशांसोबत सहा नागरिक बसतात. मात्र ते अमेरिकेतल्या ज्यूरीप्रमाणे वेगळ्या खोलीत आपापसात निर्णय घेत नाहीत, तर न्यायाधीशांबरोबर चर्चा करून दोष आणि शिक्षा दोन्ही ठरवतात. दोषी ठरवणाऱ्या बहुमतात किमान एक न्यायाधीश असावाच लागतो.

आपल्याकडेही ज्यूरीचा एक अवशेष शिल्लक आहे. पारशी विवाहाच्या वादांसाठी 1936 च्या कायद्याने नेमलेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीशांच्या मदतीला समाजातील पाच प्रतिनिधी बसतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय बहुमताने देतात. 1988 पूर्वी ते सात असत.