सह्याद्रीसारखी भुरळ खानदेशात पडते का?

गड-किल्ले, डोंगर आणि इतिहासाचं जे वेड सह्याद्री लावतो, ते खानदेशात लागतं का, की इथे नुसतं ऊन आणि केळी, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्याचा, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

लागतं. पण हिरवाई शोधत आलात तर हिरमोड होईल, इथला देखावा उघड्या दगडाचा आहे. साक्री-नंदुरबारकडे निघालं की माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा दिसतात, कुणी तट बांधायला घेऊन अर्धवट सोडल्यागत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि या भिंती तेवढ्या उरल्या.

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर चढा. खाली मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. खानदेशचा इतिहास म्हणजे ही वाटच. उत्तरेतून दक्खनेत उतरणारा जो तो इथून गेला, म्हणून इथले किल्ले कुणा एकाचे राहिलेच नाहीत.

एकच जागा बघायची तर शिरपूर तालुक्यातलं थाळनेर बघा. ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. (त्यांचं राज्य पुढे 1601 मध्ये अकबराने अशीरगड घेऊन संपवलं.) गावात त्यांचे हजिरे, म्हणजे मकबरे आहेत, काळ्या दगडाचे, घुमटांचे. तापीकाठच्या किल्ल्याचं मात्र फारसं काही उरलं नाही. फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रज फौज इथे आली. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा तो सोडेना. दरवाजात गोंधळ उडाला, आत शिरलेले दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली जवळपास तीनशे माणसं कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. शिवरायांचं नाव जोडलेलं नसलं की आपल्याकडे किल्ल्याला कुणी विचारत नाही, हे माझं जुनं रडगाणं.

सातपुड्यात अस्तंबा आहेच. दिवाळीत आदिवासी भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला तो डोंगर चढतात. जखमेवर लावायला तो वाटसरूंकडे तेल मागतो म्हणे. ही त्यांची यात्रा आहे, तिथे ट्रेकचा ग्रुप घेऊन गोंगाट करू नका.

यायचं तर पाऊस सरल्यावर, जानेवारीपर्यंत. एप्रिल-मे मध्ये लळिंग चढायचा विचारही नको. आणि धुळ्यात शेवभाजी मागवताना "तिखट कमी" असं आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.