एकादशीला चूल किती वेळा पेटते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकी, माझं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं. सासर विट्याजवळ. घरात सतरा माणसं, सगळी माळकरी. रोज दिवेलागणीला हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, गावचा सप्ताह. माणसं चांगली आहेत, कुणी टाकून बोलत नाही. पण मी पतसंस्थेत नोकरी करते, आणि घरी आल्यावर देवाच्या नावानं जे काम निघतं त्यात मला देव कुठे भेटत नाही. तुम्ही एवढ्या मोठ्या माळकरी घरात इतकी वर्षं कशा राहिलात? निदान तुमचं गेलं वर्ष कसं गेलं, तेवढं तरी सांगा.
— एक नवी सून, विटा

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी घरातल्या सगळ्या बायकांसमोर वाचलं. "देव कुठे भेटत नाही" इथं आल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तिला लिही, तुझं खरं आहे म्हणून." तेव्हा आधी तेच लिहिते. तुझं खरं आहे.

आमचं घर तरडगावचं, तालुका फलटण. माउलींची पालखी लोणंदहून निघते, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि मुक्कामाला ती आमच्या गावात येते. सासरे, चुलत सासरे, आम्ही चार जावा, त्यात आता दोन सुना आल्या, पोरं, शाळेसाठी आमच्याकडे राहिलेली नणंदेची मुलगी. ऊस आहे, गाई आहेत, थोडं डाळिंब आहे. पहाटे धारा काढायला माणूस उठतो तेव्हाच देवघरातला दिवा लागतो. बाहेरच्याला वाटतं, काय भक्तीचं घर आहे. आहेच. पण ती भक्ती कुणाच्या हातांवर उभी आहे, हे आमच्या घरात गेल्या वर्षापर्यंत कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

एकादशीचंच घे. उपवास म्हणजे पोटाला विश्रांती, असं कीर्तनात ऐकतो. आमच्याकडे त्या दिवशी चूल इतर दिवसांपेक्षा जास्त पेटायची. म्हाताऱ्यांना वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, पुरुषांना शेतावर साबुदाण्याची खिचडी, कुणाला रताळ्याच्या फोडी, कुणाला बटाट्याचा कीस. लहान पोरांना आणि शुगर असलेल्या चुलत सासऱ्यांना रोजचं भाकरी-कालवण. दुसऱ्या दिवशी बारस सोडायची म्हणून पहाटेपासून नैवेद्याचा स्वयंपाक, त्यात शाळेचे डबे. दोन्ही दिवस आम्ही बायका सगळ्यांत शेवटी खायचो, तेही उभ्यानं.

गेल्या वर्षी पाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, सासूबाईंनीच विषय काढला. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत. सगळे पानावर बसले असताना म्हणाल्या, "एकादशीला या घरात एकच पदार्थ होईल. भगर आणि आमटी. ज्याला दुसरं पाहिजे त्यानं आपल्या हातानं करून घ्यावं." सासरे गप्प बसले, मग मान हलवली. दुसरा ठराव त्याच दिवशी झाला. हरिपाठ दिवेलागणीऐवजी रात्री साडेआठला, जेवणं उरकल्यावर. नेम मोडला नाही, फक्त वेळ सरकली. पण त्याचा परिणाम बघ. मी या घरात आल्यापासून हरिपाठ ऐकत होते तो कणीक मळताना, दूध उतू जातंय का बघताना. त्या पाडव्यानंतर मी हात धुऊन, टाळ घेऊन पहिल्या अभंगापासून शेवटच्यापर्यंत बसले, मध्ये एकदाही न उठता. अर्ध्या-पाऊण तासाचीच गोष्ट. मला त्या रात्री झोप लागेना, इतकं भरून आलं होतं. तुला देव कुठं भेटेल ते मी सांगू शकत नाही, पण मला तो भेटायला आधी माझे हात रिकामे व्हावे लागले.

मे महिना मात्र फार अवघड गेला. महिनाअखेरीस आमच्या फलटण-बारामती भागात जो पाऊस कोसळला तो माहीतच असेल. कुरडया, सांडगे वाळत घातलेले होते तसे भिजले, सरपण ओलं झालं, गोठ्यात पाणी शिरलं. आणि वारी तोंडावर. १९ जूनला आळंदीत पालखीचं प्रस्थान झालं तेव्हा आमच्याकडे अजून चिखल उपसणं चालू होतं. रथामागची एक दिंडी सासऱ्यांच्या वडिलांपासून आमच्या अंगणात उतरते. दोनशेच्या आसपास माणसं. गल्लीतल्या घरांना पीठ वाटून द्यायचं, संध्याकाळी भाकऱ्या गोळा करायच्या, पिठलं, ठेचा आणि भात आमच्या चुलीवर. पाण्याचा टँकर, आंघोळीची सोय, पाय दुखणाऱ्यांना गरम तेल. हे काम मला कधीच जड वाटलं नाही, खरंच सांगते. उन्हातान्हातून चालून आलेली म्हातारी आपल्या ओट्यावर टेकते आणि "माउली, पाणी दे गं" म्हणते, तेव्हा थकवा कुठल्या कुठे जातो.

पण थोरल्या जाऊबाईंचं दुखणं वेगळं होतं. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे दिंडी फलटणकडे निघालेली बघितली, दारात उभं राहून, पिठाच्या हातांनी. घरातले पुरुष आलटून पालटून पंढरपूरला गेले. या बाई कार्तिकीला एसटीनं दोनदा जाऊन आल्या, पायी कधीच नाही. गेल्या वर्षी दिंडीची जेवणं झाल्यावर त्या सासऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, "नाना, माझं सगळं आयुष्य वारकऱ्यांच्या पाठी बघण्यात गेलं. उद्या मी निघते."

नानांनी विचारलं, "घरचं कोण बघेल?" आणि थोरले भावजी म्हणाले, "मी."

रात्रीतच दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचे पैसे, भरली, पिशवीत दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि मोबाइल घातला. फलटणला विमानतळाच्या मैदानावर त्यांचा पहिला मुक्काम झाला, मग बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत त्या वाखरीला पोचल्या. वेळापुराहून फोन आला तेव्हा टाळांचाच आवाज जास्त येत होता. ६ जुलैला आषाढी झाली. मंदिरातल्या दर्शनाची रांग फार लांब होती, म्हणून त्यांनी कळसाला हात जोडले आणि परत आल्या. कळसदर्शनानं वारी पुरी होते, हे आमच्या घरात सगळेच मानतात.

इकडे भावजींनी भाकऱ्या केल्या. सुरुवातीला जाड झाल्या, कडा फाटल्या, पण कुणी ताट सारलं नाही. त्यांचं बघून धाकटे दीर धुणं वाळत घालायला लागले. ते आजही घालतात, कारण कार्तिकात पहाटे काकडा असतो आणि काकड्याला जायचं तर सकाळची कामं वाटून घ्यावीच लागतात. या कार्तिकात आम्ही जावा पहिल्यांदा पाळी लावून काकड्याला गेलो. मार्गशीर्षात चुलत सासरे गेले. सुतकाच्या दिवसांत पूजा बंद होती, पण रात्री साडेआठला माणसं आपोआप एका ठिकाणी येऊन बसायची आणि त्यांच्या आठवणी निघायच्या. त्यांची शुगरची भाकरी वेगळी करायचा हात अजून सवयीनं डब्याकडे जातो.

आता तुझ्याबद्दल. सगळ्यांदेखत तक्रार म्हणून हे काढू नकोस. आधी तुझ्या सासूबाईंजवळ बस आणि त्यांना विचार, तुमच्या सासूच्या वेळी एकादशीला काय काय व्हायचं, आणि तुम्ही कधी जेवायचात. त्या बोलायला लागल्या की तुला कळेल, त्या तुझ्याच बाजूला आहेत. मग मागणी एकच आणि ठरावीक ठेव. हरिपाठाची वेळ बदलणं ही सगळ्यांत सोपी, तिला धर्माची आडकाठी कुठंच नाही. सप्ताहातली तुमच्या घरची पंगत असेल त्या दिवशी रजा टाक आणि मनापासून राब. त्या दिवसाचं काम वेगळं असतं, ते चुकवू नकोस.

अडचणीच्या दिवसांबद्दल पत्राच्या शेवटी तू दोन ओळी लिहून खोडल्यास, तरी त्या वाचता आल्या. आमच्या सासूबाईंचं उत्तर देते. आळंदीहून निघालेल्या बाया अठरा-एकोणीस दिवस चालतात, त्यांना वाटेत कुणी दिंडीबाहेर काढत नाही. राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारीत तर आता वाटेवर सॅनिटरी नॅपकिनची सोय असते. जे माउलींच्या रथामागे चालतं ते आपल्या देवघरापुढे का चालू नये? आमच्या घरात ती शिवाशिव बंद आहे.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्यात शिकतो. यंदा दासनवमीला सज्जनगडावर यायला त्यानं सरळ नकार दिला. "मी देव मानत नाही" म्हणतो. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत.
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी त्याच्या वडिलांना बोलतं करा. माझा पुतण्याही पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, माळ घालत नाही, हरिपाठाला बसत नाही. पण पालखीच्या दिवशी तो न बोलावता येतो आणि मध्यरात्रीपर्यंत टँकर फिरवतो. नाना त्याला एकदाही "का मानत नाहीस" असं विचारत नाहीत, "जेवलास का" विचारतात. तुमच्या मुलानं गड चढायला नकार दिलाय, घराला नाही. समर्थांच्या पायथ्याशी यायला उद्या त्याची तो वेळ काढेल किंवा नाही काढणार. त्यासाठी बापलेकाचा अबोला धरणं मला पटत नाही.

प्रश्न : १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय. मला तीन लेकी, तीन जावई. प्रत्येकाला तेहतीस अनारसे म्हणजे शंभराच्या जवळ झाले. माझ्यानं होईल असं वाटत नाही.
— एक सासूबाई, मिरज

उत्तर : अनारसेच हवेत असं नाही, वाणाला जाळीदार पदार्थ लागतो. तेहतीस बत्तासे दिले तरी वाण पुरं होतं, म्हैसूरपाकही चालतो. करायचेच असतील तर तांदूळ तीन दिवस भिजवताना पाणी रोज बदला, मेच्या उन्हाळ्यात ते लवकर आंबतात. आणि जावयांना पुरणाचे धोंडे करून पोटभर वाढा. चांदीच्या ताटाचा हट्ट कुणी धरत असेल तर लेकीलाच मध्ये बोलू द्या.

अधिक महिन्यामुळे यंदा आषाढी २५ जुलैला आली आहे. तोवर आमच्याकडच्या पेरण्या उरकलेल्या असतील. पुढच्या अंकासाठीचे प्रश्न जूनअखेरच पाठवा. यंदा तरडगावहून पुढे चालायची पाळी माझी आहे.