भाव पडला तर भार कुणावर?

प्रश्न : केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. खुला व्यापार दोघांच्याही भल्याचा असतो म्हणतात. मग अमेरिकेची गाठ बंदरात उतरली की आमचाच भाव का दबतो?
– एक कापूस उत्पादक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : दोन्हीकडचा शेतकरी एकाच बाजारभावावर जगत असता, तर शुल्क नसण्यात गैर काहीच नव्हते. तसे नाही, आणि अन्याय नेमका तिथे आहे. अमेरिकेचा २००२ चा शेती कायदा पाहा. शेतकरी रुई (सरकी काढलेला कापूस) तारण ठेवून पाउंडाला ५२ सेंट कर्ज उचलायचा. जागतिक भाव ४० वर आला तर फेड ४० नेच; वरचे १२ सेंट त्याचे. शिवाय लक्ष्य भाव होता ७२.४ सेंट, आणि तिथवरची बरीचशी तूट सरकार वेगळ्या अनुदानाने भरून काढायचे. म्हणजे मंदी त्याच्या बांधापर्यंत पोचायचीच नाही. पेरा घटायचा नाही, बहुतेक कापूस निर्यात व्हायचा आणि जगाचा भाव आणखी दबायचा. पुढे योजनांची नावे बदलली, पण हा कर्जदर (पाउंडामागे मिळणारी कर्जाची रक्कम) राहिला. २०२५ च्या कायद्याने तो ५५ सेंट केला.

याची झळ पश्चिम आफ्रिकेला सर्वांत जास्त बसली. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली : अनुदाने बंद करा, आणि ती बंद होईपर्यंत आम्हाला भरपाई द्या. भरपाई मिळाली नाही. ब्राझीलने मात्र २००२ मध्ये तक्रार दाखल केली, २००५ मध्ये अपिलातही बाजी मारली, अमेरिकी मालावर जादा शुल्क लावण्याची परवानगी मिळवली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन वाद मिटवला. नियम सगळ्यांना एकच. पण उलट शुल्क लावले तर समोरच्याला चटका बसेल एवढी मोठी बाजारपेठ ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो पाळायला लावता येतो. मालीचा शेतकरी कुणाला चटका देणार?

आता तुमचा हिशेब. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे ७५ पाउंड. जागतिक भाव एक सेंटने उतरला की ७५ सेंट गेले. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ६६ रुपये. पाच सेंटच्या घसरणीत क्विंटलमागे ३३० रुपये जातात. सरकी तेजीत असेल तर त्यातले थोडे भरून निघते, एवढेच.

अशा वेळी आपल्याकडे आडोसा हमीभावाचाच. २०२५-२६ साठी लांब धाग्याला तो क्विंटलमागे ८,११० रुपये ठरला होता. हातचा जातो तो बहुधा ओलाव्यामुळे. हमीभावाने खरेदी करणारे कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापते आणि १२ च्या वर घेतच नाही. ११ टक्के भरला तर २४३ रुपये गेले. दव वाळल्यावरच वेचणी करा, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवा आणि कापूस ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. ढीग वरून कोरडा दिसतो, पण ओलावा मोजायचा मीटर आत खुपसला की आतली ओल कळतेच. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) मात्र आधी उरकून घ्या. सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसेल तर महामंडळाकडची विक्रीची नोंदणीच अडते.

प्रश्न : श्रीमंत देशांनी गरीब देशांचा ९७ टक्के माल शुल्कमुक्त करायचे ठरवले होते ना? मग तक्रार कसली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ९७ टक्के मालाचे नाही, शुल्क यादीतल्या ९७ टक्के ओळींचे (एकेक ओळ म्हणजे एकेक वस्तू) ठरले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेतला हा शब्द फार महागात पडला. बांगलादेशासारख्या देशाची निर्यात मुख्यतः मोजक्या तयार कपड्यांची. त्या ओळी उरलेल्या ३ टक्क्यांत टाकल्या की सवलत कागदावरच राहते. युरोपीय संघाने २००१ मध्येच शस्त्रे वगळून जवळपास सगळे खुले केले होते. अमेरिकेत मात्र सुती टी-शर्टवर मूळ शुल्कच १६.५ टक्के आहे. २०२५ मध्ये त्याच्यावर जादा शुल्केही लागली.

प्रश्न : मग आपण एकाएकी कांदा निर्यात बंद करतो, ते न्याय्य आहे का?
– एक कांदा व्यापारी, निफाड

उत्तर : नाही. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी ४ मे २०२४ पर्यंत चालली. त्यात नाशिकचा शेतकरी भरडला गेला आणि आपल्या कांद्यावर विसंबणारा ढाक्याचा गिऱ्हाईकही. जागतिक शेती कराराचे १२ वे कलम सांगते की बंदी घालणाऱ्याने आयातदाराच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि लेखी पूर्वसूचना द्यावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या मालाच्या निव्वळ निर्यातदाराला नाही, आणि कांद्यात आपण निर्यातदारच आहोत. टंचाई दिसत असेल तर आधी जाहीर केलेले, मुदत ठरलेले निर्यात शुल्क लावावे. ज्या सौद्यांचे पतपत्र (बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, एलसी) आधीच उघडले आहे ते वगळावेत आणि भरलेले कंटेनर बंदरात अडवू नयेत. अडवलेल्या कांद्याला कोंब फुटतात.